पाप ओळखणारा दिवा

चकलांब्याजवळच्या वस्तीवर सकाळपासून झुंबड उडाली होती. सोमेश्वर महाराजांनी म्हणे समुद्राच्या तळातून दिवा आणला होता. वस्तीवर समुद्र फारसा कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळं शंका घ्यायलाही कुणी नव्हतं.

दिवा मात्र देखणा होता. पितळी जाळीत जाड काच आणि बुडाला कारखान्यातल्या वाफेच्या नळीचा व्हॉल्व्ह. ना तेल, ना वायर. पुण्यवानानं पितळेवर हात ठेवला की पेटायचा. करणी करणाऱ्याच्या हाताला दाद देत नाही, असं महाराज सांगत.

वस्तीवरच्या शहादेवची म्हैस आटली होती आणि त्याला करणी करणारी हवी होती. शेजारची भिवराबाई विधवा, एकटी. सोयीची होती.

शहादेवनं हात ठेवला, उजेड पडला. महाराजांनी हात फिरवून तो विझवला. मग सरपंचांनी ठेवला. त्यांचं पुण्य गावाला ठाऊक होतं, तरी पडला.

भिवराबाई पुढं येताच महाराजांनी पितळेभोवती घोंगडं गुंडाळलं. "तुजा इटाळ दिव्याला नको. वरून हात ठिव."

दिवा पेटला नाही.

"हिला वाळीत टाका," शहादेव म्हणाला.

"तुज्या म्हशीवर म्या कावून करणी करू?" भिवराबाई म्हणाली. "तुमी गावाला गेलता तवा तिला चारा मीच टाकला."

तेवढ्यात तिची भाची वर्षाराणी पुढं आली. मोडीत निघालेल्या जहाजांच्या आणि कारखान्यांच्या भंगारातून ती संभाजीनगरात दिवे बनवून विकते.

"मावशी, घोंगडं काढ अन् हात ठेव."

"दिवा कोपंल," महाराज म्हणाले.

"कोपला तर दुरुस्त करते. मीच बनवून विकलाय."

भिवराबाईनं हात ठेवला. लख्ख उजेड पडला. वर्षाराणीनं तो विझवला, घोंगडं परत गुंडाळलं आणि महाराजांकडं पाहिलं. महाराज आकाशाकडं पाहू लागले.

"ठिवा की महाराज," शहादेवची बायको पारूबाई म्हणाली. "आमच्या म्हशीचा सवाल हाय."

महाराजांनी हात ठेवला. दिवा ढिम्म.

वर्षाराणीनं बूड उघडून दाखवलं. आत बॅटरी आणि एक छोटा स्विच. "उघडा हात धातूला लागला की हा चालू होतो, पुन्हा लागला की बंद. जाड घोंगड्यातून त्याला हात कळत नाही. पाप तर मुळीच कळत नाही."

महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. भिवराबाई मात्र भाचीला घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेली आणि महाराजांसोबत शहादेवचंही नाव देऊन आली.

जनावरांच्या डॉक्टरांनी म्हैस तपासली. कासेला सूज होती. औषधानं ती पुन्हा दूध देऊ लागली, तसा शहादेव भिवराबाईच्या दारात आला.

"दिवाच खोटा निघाला. आता तक्रार कशाला?"

"वाळीत टाका, असं दिवा म्हणला न्हाई," भिवराबाई म्हणाली. "तू म्हणलास."

तक्रार तिनं मागं घेतली नाही. तेव्हा मंडळी, म्हैस आटली तर डॉक्टरांना बोलवा. शेजारणीच्या दारात करणी शोधू नका.