मेलेला मॉनिटर बोलतोय

मी एक मॉनिटर बोलतोय. सतरा इंची, चौकोनी, काळ्या चौकटीचा. उदगीरच्या एका घरात मला मेलेला ठरवलं गेलं, तेही मी धडधाकट असताना. ठरवणाऱ्यांनी माझ्या तोंडावर काय लिहून आलंय तेसुद्धा नीट वाचलं नाही. म्हणून जरा कडू बोललो तर चालवून घ्या.

माझी उमेदीची वर्षं लातूरच्या एका कोचिंग क्लासात गेली. पोरं माझ्यासमोर सराव परीक्षा द्यायची आणि मार्क कमी दिसले की मलाच शिव्या घालायची. मार्क मी देत नव्हतो, फक्त दाखवत होतो. पुढे रुंद, पातळ मॉनिटर आले आणि आम्हा जुन्यांची रवानगी जिन्याखाली झाली.

तिथून मला मन्मथनं आणलं. तो लातूरच्या एका डाळ मिलमध्ये कारकून. एक जुना कंप्युटर आणि मी, दोघांना डाळीच्या पोत्यात घालून त्यानं एसटीनं उदगीरला नेलं. त्याची बायको शिवगंगा लिपिकाच्या भरतीची लेखी परीक्षा पास झाली होती. आता फक्त मराठी टायपिंगची चाचणी राहिली होती. मिनिटाला तीस शब्द आले की नोकरी.

दुपारी भांडी आवरली की ती माझ्यासमोर बसायची. बोट चुकलं की स्वतःच्याच कपाळावर हात मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दर दोन-चार दिवसांनी एखादा शब्द वाढायचा. मला ती आवडायची, हे मी लपवत नाही.

मग खंडेनवमी आली. तिचे सासरे शिवलिंगप्पा यांनी विळा, अडकित्ता, शिलाई मशीन असं सगळं ओळीनं मांडलं. मलाही मान मिळाला. माझ्या चौकटीवर त्यांनी विभूतीची तीन बोटं ओढली. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझी केबल कंप्युटरमधून उपसली आणि टोकाच्या बारीक पिनांवर ओली विभूती चोळली.

"जितून करंट जातंय, तितं पूजा पाहिजे," म्हणाले.

त्यातली एक पिन चित्र नेत नाही. ती कंप्युटरला माझं माप सांगते, की याला एवढंच चित्र पेलतं, याहून मोठं पाठवू नको. विभूती वाळली आणि ती पिन मुकी झाली. जुन्या विंडोजला माझं माप पाठ होतं. त्यामुळे दसऱ्याला चित्र नेहमीसारखंच आलं आणि कुणाला संशय आला नाही.

पण ती विंडोज सरावाच्या मधेच अडकून बसायची. चाचणीला तेरा दिवस उरले होते. जुन्या कंप्युटरला विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स हलकं पडतं, हे शिवगंगानं मोबाईलवर पाहिलं आणि पेनड्राइव्हवरून स्वतःच ते भरलं. भरताना साधं, ढोबळ चित्र होतं, ते मी दाखवलं. मग तिनं कंप्युटर पुन्हा चालू केला. लिनक्सनं माझं माप विचारलं. पिन गप्प. त्यानं अंदाजानं भलंमोठं चित्र पाठवलं, ते मला पेललं नाही. मी काळा पडलो आणि मधोमध लिहिलं, 'आउट ऑफ रेंज', म्हणजे हे चित्र माझ्या मापाबाहेरचं आहे. यापलीकडे मला बोलता येत नाही.

"चांगलं चालत व्हतं. तुझ्याच हातानं वाटोळं केलीस," शिवलिंगप्पा म्हणाले.

"मामा, हे लिहून दाखवून राहिलंय की. मेलेलं कसं लिहील?"

तिनं मोबाईलवर शोधून उपायही काढला होता. कंप्युटर चालू होताना एक शब्द टाकायचा, म्हणजे चित्र लहान येतं. तो शब्द तिनं चिठ्ठीवर उतरवून घेतला. पण सकाळी मन्मथ बाजारातल्या बजरंगला घेऊन आला. बजरंग कंप्युटर दुरुस्त करतो. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मॉनिटर गेलंय."

"भाऊजी, एक शब्द टाकून बघू द्या मला."

"मोबाईलात बघून डॉक्टर होता येतंय का, वैनी?"

मन्मथ हसला. मला त्याचं हसणं बजरंगच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मला उचललं तेव्हा चिठ्ठी तिच्या मुठीतच होती.

दुकानात बजरंगनं केबलचं टोक पाहिलं, सुईनं पिना खरवडल्या आणि मला त्याच्या कंप्युटरला जोडलं. मी लखलखीत चालू झालो. त्यानं घरी काही कळवलं नाही. नवा मॉनिटर त्यानं सकाळीच सांगून ठेवला होता, तो लातूरहून यायला आठ दिवस लागले. तो न्यायला मन्मथ आला.

"कॅलेंडरच्या मागं पेनानं कीबोर्डची बटनं काढून त्यावर बोटं मारून राहिली ती," तो सांगत होता. मी समोरच चालू होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा, पण ओळखलं नाही.

महिन्याभरानं शिवगंगा निकालाची प्रिंट काढायला दुकानात आली. प्रिंटच्या आधी निकाल माझ्यावरच उघडला. सव्वीस शब्द. अनुत्तीर्ण. तो मलाच दाखवावा लागला. मग तिची नजर माझ्या चौकटीवर गेली. कोपऱ्यात विभूतीची बोटं अजून पुसट दिसत होती.

"हे आमचं हाय."

"हाव. पिनीत विभूती बसली व्हती. सुईनं काढली, लागलं चालू."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तवर नवं सांगून झालतं की, वैनी."

ती ओरडेल असं मला वाटलं. मला तर ते हवंच होतं. पण तिनं निकालाची घडी घातली.

"ती सुई हाय का अजून?"

"हाय. कशाला?"

"द्या. पुढल्या साली परत परीक्षा हाय. त्याच्या आदी खंडेनवमीबी हाय."

सुई पदराच्या टोकाला टोचून ती निघून गेली. घरी ती काही बोलली की नाही, मला माहीत नाही. मी अजून बजरंगच्या दुकानात इतरांचे निकाल दाखवतो. तुमच्या घरचा पडदा काळा पडला तर त्यावर लिहिलेलं आधी वाचा. आणि घरात ते वाचणारी कुणी असेल, तर तिला तो एक शब्द टाकून बघू द्या.