निळीची वंशावळ

अकराशे बाविसाव्या अंड्यातून निळं पिल्लू बाहेर पडलं, तेव्हा रुद्रय्यांनी आधी चष्मा पुसला. मग पडद्याची काच पुसली. तरीही ते निळंच राहिलं.

"अमरेश, निळं हाय बघ."

"चेष्टा करू नका अप्पा."

"देवाशपथ."

अमरेशने खुर्ची पुढे ओढली, नाक काचेला लागेल इतकं तोंड जवळ नेलं आणि तो मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवू लागला. चोविसाव्या वर्षी त्याची नजर पुंगळीतून बघितल्यासारखी उरली होती. पडद्यावरचं एक जनावर सापडायलाही मिनिटभर लागायचं. शेवटी रुद्रय्यांनी लेकाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि नेमकं वळवलं.

"आईशप्पथ!" अमरेश म्हणाला.

हा खेळ त्याने बारावीत असताना राजारामपुरीतल्या दुकानातून सीडीवर आणला होता. लांब कानांची, झुबकेदार शेपटीची जनावरं पाळायची, त्यांना खायला घालायचं, जोड्या लावायच्या, अंडी उबवायची. पिल्लाला निम्मे गुण आईचे, निम्मे बापाचे मिळत. पण शेकड्यांनी अंडी उबवली की एखाद्या वेळी गुण उतरताना चूक होई आणि आईबापांत नव्हतं असं काहीतरी पिल्लात निघे. कुणाला लांब शेपूट येई, कुणी लवकर म्हातारं होई. रंग मात्र सगळ्यांचा तपकिरी; निळं फक्त सीडीच्या वेष्टणावर. नजर पुरती जायच्या आत एकदा निळं बघायचं, एवढं एकच अमरेशने धरून ठेवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसरं काही धरण्यासारखं ठेवलंच नव्हतं.

गेली दोन वर्षं रुद्रय्या त्याचे डोळे झाले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं लिहिली होती. दुसरं काही आपल्याला येतं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि तेही नीट येतं की नाही याची शंकाच होती. पण पिल्लांची वही त्यांनी मनापासून ठेवली. प्रत्येकाचा क्रमांक, आई, बाप, रंग, आयुष्य, सगळं काळ्या शाईत.

"आता हिचा वाण राखायला पायजे," अमरेश म्हणाला. "कुणाबी परक्याला दिली तर निळा रंग बुडंल."

"परक्याला कशाला?" रुद्रय्या सहज म्हणाले. "मामा हाय की तिचा. घरातला, धडधाकट, शांत."

त्यांना हे सुचायला वेळ लागला नाही, कारण त्यांच्या घरात ते कुणालाच सुचवावं लागत नसे. त्यांनी स्वतः थोरल्या बहिणीची, आक्काची, मुलगी केली होती. रत्नव्वा लहानपणी त्यांना मामा म्हणायची, आणि लग्नाला तीस वर्षं होत आली तरी दूध उतू गेलं की "मामा, गॅस!" असंच तिच्या तोंडून निघायचं.

त्याच आठवड्यात गडमुडशिंगीहून आक्काचा निरोप आला. तिचा एकुलता मुलगा, शिवगोंडा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर होता. निर्व्यसनी, वयाने एकतीस. अमरेशची धाकटी बहीण दानेश्वरी त्याला द्यावी, असं आक्काचं म्हणणं होतं. म्हणजे रत्नव्वाची मुलगी रत्नव्वाच्याच भावाला.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. त्याआधी तीन स्थळं आली होती. तिन्ही वेळा पोहे खाऊन झाले, मुलगी पसंत पडली आणि तेवढ्यात अमरेश चाचपडत बाहेरच्या खोलीत आला. "ह्यास्नी काय झालंय, पावणं?" या प्रश्नानंतर चहासुद्धा कुणी पुरता प्यायलं नाही.

मामाशी जोडी लावलेल्या निळीने चार अंडी घातली. तीन पिल्लं निळी निघाली.

"खात्यात का?" अमरेशने विचारलं.

रुद्रय्या बघत होते. पिल्लं वाडग्याच्या शेजारून पुढे गेली, भिंतीवर आपटली, वळली आणि दुसऱ्या भिंतीवर आपटली. त्यांतलं एक तिथेच कोपऱ्यात तोंड घालून बसलं.

"खात्यात," ते म्हणाले.

"मग खाल्ल्याचा आवाज का येत न्हाय?"

रुद्रय्यांनी वही पुढे ओढली.

"भिंतीवर आपटल्याचा येतोय," अमरेश म्हणाला. मग हळूच, "अप्पा, त्यास्नी दिसत न्हाय. व्हय ना?"

संध्याकाळपर्यंत तिन्ही मेली. चौथं, तपकिरी, तेवढं जगलं.

दुसऱ्या दिवशी रुद्रय्यांनी वही पहिल्यापासून चाळली. 'खाल्ले नाही, मेले' असा शेरा त्यांनी स्वतःच एकोणीस ठिकाणी लिहिला होता, आणि कधी मागे वळून बघितलं नव्हतं. बोट ठेवत ठेवत ते मागे गेले. एकोणिसांच्या एकोणीस रेघा सत्तेचाळीस नंबरच्या एकाच मादीपाशी जाऊन मिळत होत्या. ती स्वतः चांगली दिसणारी, चांगली खाणारी, दीर्घायुषी होती. रुद्रय्यांना आक्का आठवली आणि त्यांनी वही मिटली.

खरं म्हणजे हे त्यांना नवं नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी अमरेशचे डोळे तपासल्यावर विचारलं होतं, "तुमचं दोघांचं नात्यात लग्न का?" रत्नव्वाने लाजून सांगितलं, "हे मामाच की माझे." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा वर बघितलं नाही. त्या कागदावर काय लिहिलंय हे रुद्रय्यांनी ग्रंथालयातल्या पुस्तकांत शोधून वाचलं होतं. घरी मात्र सांगितलं नव्हतं.

"अप्पा," अमरेश म्हणाला, "रविवारी आक्काआज्जीकडं बोला. मी बोललो तर म्हणतील, आंधळ्याला बहिणीचं बरं बघवत न्हाय. तुमीच बोलाय पायजे."

"बोलतो."

"नक्की?"

"बोलतो म्हटलं की."

रविवारी ते, रत्नव्वा आणि दानेश्वरी गडमुडशिंगीला गेले. रुद्रय्यांच्या पिशवीत वही होती. आक्काने साखर वाटायचीच तयारी ठेवली होती.

"ये तम्मा, बस. आज मी तुजी बहीण न्हाय, इहीण हाय. मान देऊन बोलायचं," ती म्हणाली आणि स्वतःच मोठ्याने हसली.

रुद्रय्या पाणी प्यायले. चहा प्यायले. मग त्यांनी वही काढून मांडीवर उघडली.

"आक्का, ही एक वंशावळ हाय. हे बघ, ही सत्तेचाळीस नंबरची..."

"कुणाची वंशावळ?"

"अमरेशच्या गेममधल्या जनावरांची."

आक्काला हसू आवरेना. "अगं रत्नव्वा, तुजा दादला पेन्शनीत गेल्यापासनं काय करतोय हे? कंप्युटरातल्या उंदरांची सोयरीक बघतोय!"

"पिल्लांस्नी दिसत नव्हतं," रुद्रय्या कसेबसे म्हणाले. "मामाला दिलं म्हणून."

हसणं थांबलं. आक्काचा चेहरा बदलला.

"म्हंजे माज्या रक्तात खोट हाय म्हणतोस?"

"तसं न्हाय. माज्यातबी..."

"मग कसं? माजी लेक तुला दिली ते चुकलं? तुजं पोरगं झालं ते चुकलं? तिच्याम्होरं बोल की, ही बसलीया."

रुद्रय्यांनी रत्नव्वाकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने वर बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. आता हा माणूस काय म्हणतो याची भीती तेवढी होती. पुढचं वाक्य त्यांच्याजवळ तयार होतं. ते बोललं की तिच्या पोटी अमरेश होणं ही चूक ठरत होती.

त्यांनी वही मिटली.

शिवगोंडा दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला आणि खाली बसला. "मामा, मला समदं ठावं हाय," तो म्हणाला. "अमरेशला मी टाकणार न्हाय. तुमच्या मागं त्याला माज्याच घरी आणणार." त्याने हे मनापासून म्हटलं. रुद्रय्या वही पिशवीत घालून उठले.

बाहेर पडवीत दानेश्वरीने बापाला गाठलं.

"अप्पा, दवाखान्यातला कागद मीबी वाचलाय. माझ्यातबी ते असंल. पण मला बाहेरचं कोण करून घेणार, सांगा? दादाला बघितलं की पावणं उठत्यात. ह्यो एकटा उठला न्हाय."

"पोरं?"

"देवाच्या मनात असंल तसं." ती दाराकडे वळली. "तुमी आदी का बोलला न्हाईसा?"

ती आत गेली. साखर वाटली गेली. रुद्रय्यांच्या हातावरही चिमूट पडली, आणि ती त्यांनी खाल्ली.

"तुजं अक्षर चांगलं," निघताना आक्का म्हणाली. राग तिच्याजवळ फार वेळ टिकत नसे. "लग्नपत्रिकेचा मजकूर तूच लिव्ह."

घरी अमरेश कॉम्प्युटरसमोर बसून होता. पडदा त्याने चालू करून ठेवला होता, पण तोंड खिडकीकडे होतं.

"बोललासा?"

"बोललो."

"मग?"

"वैशाखात हाय."

अमरेशने मान हलवली.

रुद्रय्यांनी टेबलाजवळ बसून वहीचं मागचं कोरं पान उघडलं आणि मजकूर लिहायला घेतला. वराचं नाव लिहिलं, वराची आई म्हणून आक्काचं. वधूचं लिहिलं. वधूची आजी म्हणून पुन्हा आक्काचंच आलं. मग 'वधूचे मामा' एवढं लिहून पेन थांबलं. तिथे जे नाव लिहायचं ते वर लिहून झालं होतं.

"अप्पा, निळीनं सकाळी एक अंडं घातलं हुतं," अमरेश म्हणाला. "फुटलं वाटतं. बघा की."

रुद्रय्यांनी चष्मा सारखा केला.

"रंग?" अमरेशने विचारलं.

"निळा."

"खातंय?"

पिल्लू वाडग्याच्या दिशेने निघालं होतं. रुद्रय्यांनी टेबलाची कड धरली. पिल्लू वाडग्याला घासून पुढे गेलं.

आवाज अमरेशनेही ऐकला. त्याने हात लांब करून चाचपडत बटण शोधलं आणि पडदा बंद केला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमचं लिहून होऊ द्या."