निम्म्यांना पाणी

डॉक्टरीणबाईंनी औषधाचं नाव सांगितलं आणि उस्तादांचा धाकटा भाऊ फिसकन हसला. सख्खा भाऊ समोर खाटेवर पक्षाघाताने अर्धा लुळा पडलाय, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, आणि या शहाण्याला हसू फुटलं.

"बायकांचं हार्मोन? आमच्या दादाला?"

"बायकांच्या अंगात जास्त असतं, एवढंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्राण्यांना दिलं तेव्हा मेंदूचं नुकसान कमी झालं. माणसांत होतं का, ते आम्ही तपासतोय. निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या बाटलीत काय, ते मलाही कळत नाही. मधेच नको वाटलं तर बंद करता येतं. पण सुरू करायचं तर आत्ताच."

"मिशा गळतील त्याच्या," भाऊ म्हणाला.

उस्तादांची व्यायामशाळा गावभर प्रसिद्ध, आणि त्याहून प्रसिद्ध त्यांच्या मिशा. बायकोचं गर्भाशय काढल्यावर तिला हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून पाहुण्यांसमोर त्यांचा एकच विनोद ठरलेला. "आमच्याकडे बाईपण डबीतून येतं!" आधी ते स्वतःच हसत, मग पाहुणे. बायको तेवढ्यात रिकामे कप उचलून आत जात असे.

आता तिनेच पेन मागितलं.

"वहिनी, उद्या त्याला काय सांगणार?"

"उद्या कशाला?" ती खाटेवर वाकली. "अहो, माझ्या डबीतलं औषध तुम्हाला देतायत. नशिबात असेल तर मिळेल."

उस्तादांचे डोळे तिच्यावर खिळले. त्यांत काय आहे ते बघत बसायला तिला वेळ नव्हता. तिने संमतीपत्रावर सही केली.

दोन दिवसांत उस्तादांचा पाय हलू लागला. तोंडातून शब्दही फुटले, तुटके, लाळेत भिजलेले. भेटायला व्यायामशाळेतली पोरं आली, तेव्हा त्यांनी धडधाकट डाव्या हाताची मूठ वळून दाखवली आणि वर टांगलेल्या बाटलीकडे पाहत म्हणाले,

"मला... पाणीच... मिळालं."

"तेच तर!" भाऊ उसळला. "दादाचं हाडच तसं आहे. बाकीच्यांना लागत असतील बायकी औषधं."

पोरांनी माना डोलावल्या. उस्तादांना चेव आला. मेंदूची एक बाजू अजून सुजलेली, पण विनोद शाबूत होता.

"आमच्याकडे... बाईपण... ड... डबी..."

पोरं हसली. न हसून करतात काय? बायकोने त्यांची हनुवटी पुसली, रुमाल घडी करून उशाशी ठेवला आणि दारातून जाणाऱ्या नर्सला हाक मारली.

"सिस्टर, हे बंद करता का? पाणीच आहे म्हणतायत. उगाच सुई कशाला टोचून ठेवायची?"

"पेशंट नको म्हणत असतील तर डॉक्टरांना कळवते," नर्स आत आली. "उस्ताद, नको आहे का?"

"नकोच," भाऊ म्हणाला. "दादा, सांग त्यांना."

उस्ताद पोरांकडे पाहत राहिले. नर्सने सुईवरची चिकटपट्टी नुसती नीट करायला हात पुढे केला, तसा त्यांचा डावा हात झपकन आला आणि नळीवर आवळला गेला.

"राहू दे."

"पण पाणीच आहे ना?" बायकोने विचारलं.

"पाणीच." मूठ आणखी आवळली. "पण... राहू दे."

भावाला एकदम पोरांना चहा पाजायची आठवण झाली. सगळे बाहेर गेले. नर्सही गेली. उस्तादांनी मूठ सोडली नव्हती. व्यायामाने कमावलेली मूठ ती, पांढरी पडली होती.

बायकोने वर बाटलीकडे पाहिलं, मग खाटेच्या कडेला बसून त्यांचं एकेक बोट उलगडायला घेतलं.

"सोडा आता," ती म्हणाली. "तुम्ही दाबून धरलीय. थेंब पडत नाहीयेत."