दादाने आणलेला पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नात फोटो काढणारा नव्हे, गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटून बसणारा. आकाराने साबणाच्या वडीएवढा. माझं काम फोटो काढायचं नव्हतंच. माझं काम पहाऱ्याचं होतं, आणि ते मी चोख केलं. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकून कुणाला वाटेल की कॅमेराच कुचकामी निघाला असेल. तसं नाही. मी कामाला लागलो, पण मला कामाला लावणाऱ्यालाच मी नको होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे कितीतरी पट्ट्यावरून पुढे सरकत होते. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं भिंग पुसलं, मला उजेडाकडे धरलं आणि खोक्यात घातलं. त्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘तुम्ही झोपा, आम्ही जागे आहोत.’ मी तेव्हा कोवळा होतो. मला ते खरंच वाटलं.

मला विकत घेतलं ते दादाने. दादा म्हणजे आमच्या बाईंचा थोरला भाऊ. बाई गाडी चालवायला शिकवत. त्यांच्याकडे एक छोटी पांढरी गाडी होती, शेजारच्या सीटखालीही ब्रेक असलेली, आणि तिच्यावर बाईंचं सगळं घर चालत होतं. घर म्हणजे बाई आणि अंथरुणाला खिळलेली आई. दादा आणि वहिनी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. रोज संध्याकाळी दादा खाली येई, आईला दोन्ही हातांवर उचलून खिडकीतल्या खुर्चीत बसवी आणि तासाभराने परत पलंगावर ठेवी. ते काम बाईंच्या एकटीच्या ताकदीबाहेरचं होतं.

मी यायच्या आधी गाडीला कुणाची तरी नजर लागली होती. गल्लीत उभी असताना एकदा आरसा फुटला, एकदा दारावर लांबलचक ओरखडा आला, मग एका चाकातली हवा गेली. ओरखडे पडलेल्या गाडीतून शिकायला कोण येणार? लोकांना वाटायचं, ज्या बाईंची स्वतःची गाडीच अशी ठोकलेली, त्या आपल्याला काय शिकवणार. शिकणाऱ्या बायका एकेक करून गळायला लागल्या. बाई म्हणाल्या, “आता मी पोलिसांत जाते.” त्यावर दादा म्हणाला, “थांब. माझ्या बहिणीच्या गाडीला हात लावतो म्हणजे काय? मी बघतो.” आणि दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन आला.

मला बसवण्याचा तो समारंभ मी कधी विसरणार नाही. एक नजर पुढच्या काचेवर, दुसरी छोटी नजर मागच्या काचेवर. वायर छताच्या कडेने नेऊन फ्यूजच्या डबीत जोडली, म्हणजे गाडी बंद असली तरी मला वीज मिळावी. गाडी उभी असताना मी डुलकी काढत असे, पण धक्का लागला की खडबडून जागा होई आणि धक्क्याच्या जरा आधीपासूनचं सगळं वेगळ्या कप्प्यात जपून ठेवी. दादाने मला डोळ्यांत तेल घालून तपासलं. बाईंना आत बसवून, माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर नजर ठेवायला सांगून तो स्वतः गाडीभोवती फिरला.

“इथे दिसतोय का मी?”

“दिसतोस.”

“इथे?”

“अर्धा दिसतोस. पोट तेवढं दिसतंय.”

“आणि इथे?”

“इथे नाही दिसत, दादा. मागच्या डाव्या दाराशी अजिबात नाही.”

दादा हसला. “म्हणजे चोराला एवढीच जागा राहिली.”

“चोराला कुठे माहीत असणार ती,” बाई म्हणाल्या, आणि आत गेल्यावर त्यांनी दादाला आलं घालून चहा करून दिला. मला भारी अभिमान वाटला. वाटलं, किती काळजी करतो हा माणूस बहिणीची.

ते दिवस माझे सोन्याचे होते. सकाळपासून शिकवण्या चालत. बाईंची जीभ तिखट होती, पण मनात काही नसे. “अगं, क्लच हळूच सोड, तव्याला हात लागल्यासारखी काय झटकतेस?” “समोर बघ, माझ्या तोंडावर रस्ता नाहीये.” हे सगळं मी ऐकत असे. हो, मला कानही आहेत. लोक माझं भिंग बघतात आणि कान विसरतात. बाईंना मात्र माझे कान मुळीच आवडत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक शिकवणी परत लावून बघितली आणि स्वतःचा आवाज ऐकून घाईघाईने बंद केला. “शी, मी अशी कावळ्यासारखी ओरडते?” तेव्हापासून त्या माझी चित्रं बघत ती आवाज बंद करूनच. आणि मला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. स्वतःचा आवाज कोणाला आवडतो?

पण गाडीचं ग्रहण काही सुटलं नाही. पुन्हा ओरखडा आला, आणि आला तो मागच्या डाव्या दारावर. मग पुन्हा तिथेच. बाई माझी चित्रं उलटसुलट बघत. रिकामी गल्ली, ऊन, एखादं मांजर. “हा कॅमेरा काही कामाचा नाही,” असं त्या एकदा म्हणाल्या, आणि माझ्या जिवाला ते फार लागलं. कारण मी ऐकलं होतं. दुपारी बाई सीटा तापू नयेत म्हणून काचा दोन बोटं खाली ठेवून जेवायला जात. गल्ली सामसूम असे. त्या फटीतून चपलांचा आवाज आत आला होता, पत्र्यावर लोखंड ओढल्याचा आवाज आला होता, आणि माणसाचा आवाजही आला होता. तो मी नीट जपून ठेवला होता. पण मी आपणहून बोलू शकत नाही, मित्रांनो. मला कुणीतरी विचारावं लागतं.

विचारायच्या ऐवजी त्यांनी दुसरा चोर शोधला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चावीवाला बसे. लाकडी टपरी, आत चाव्या कापायचं छोटं यंत्र, आणि भिंतीवर चाव्यांचे घोसच घोस. बाईंची गाडी उभी राहिली की त्याच्या टपरीचा उजेड अडे, म्हणून दोघांची अधूनमधून बाचाबाची होई. “बाई, हातभर पुढे घ्या की.” “रस्ता काय तुमच्या नावावर आहे?” इतकंच. दादाने माझ्यातलं एक चित्र शोधून काढलं. चावीवाला गाडीसमोरून जातो, हातात चाव्यांचा जुडगा, मध्येच वाकतो, दिसेनासा होतो, मग उठून जातो. मी तिथेच होतो. त्याच्या हातातली एक कोरी चावी घरंगळत गाडीखाली गेली होती, ती काढायला तो वाकला होता, आणि त्याचा खांदा गाडीला लागून मी जागा झालो होतो. पुढच्या क्षणाला ती चावी त्याच्या बोटांत स्वच्छ दिसते. पण दादाने त्या क्षणाच्या आधीच चित्र थांबवलं आणि इमारतीतल्या सगळ्यांना फिरवून फिरवून दाखवलं.

“ओरखडा चावीचाच आहे, आणि चाव्या कोणाकडे आहेत?” दादा म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. संशयाला पुरावा थोडाच लागतो?

चावीवाल्याने शपथा घेतल्या. “बाई, तुम्ही तरी सांगा. भांडलो असेन, पण असलं काम केलं का मी कधी?” बाई तिथेच उभ्या होत्या. त्या दारावरचा ओरखडा बोटाने चाचपत राहिल्या. इमारतीच्या सेक्रेटरींनी त्याला टपरी हलवायला सांगितली. हातगाडीवर यंत्र घालून तो माझ्यासमोरूनच गेला, आणि जाताना त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला ओळख देऊ शकलो नाही.

चावीवाला गेला, तरी ओरखडे यायचे थांबले नाहीत. “दुसऱ्या कुणाला तरी पाठवत असेल, डूख धरून आहे,” असं दादा म्हणे. “सोड ना ही गाडी. विकून टाक. आईपाशी बस. मी आहे ना?” आईला सांभाळणारी बाई कधीच काम सोडून गेली होती, दिवसा आईकडे बघायची पाळी वहिनींवर येई, आणि आता त्यांनीही वरच्या मजल्यावरूनच हात झटकले होते. बाई थकल्या होत्या. एकदा तर त्या गाडीतच स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाल्या, “जाऊ दे, विकूनच टाकते.”

तेवढ्यात एक नर्स शिकायला आली. ती गाडी मागे घेताना नेहमी गोंधळत असे. तिने बाईंना विनंती केली, “तुम्ही जे सांगता ते मला मोबाइलवर पाठवाल का? घरी ऐकून पाठ करीन. तुमचं ओरडणंच डोक्यात बसतं माझ्या.” बाई लाजल्या, हसल्या आणि तयार झाल्या. दुपारी गाडीत बसून त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज चालू केला. शिकवणी शोधता शोधता त्यांचं बोट त्या वेगळ्या कप्प्यावर पडलं.

पडद्यावर रिकामी गल्ली. चपलांची फटफट. मग पत्र्यावर काहीतरी कर्रकन ओढल्याचा आवाज. आणि मग दादा, फोनवर वहिनींशी बोलत असलेला, अगदी निवांत. “हो, येतोच वर. अजून एकदोनदा झालं की स्वतःच कंटाळून सोडेल. मग बसेल आईपाशी, तुझ्या मागचं लचांड जाईल.”

बाईंनी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि तरी मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता न्याय होईल. आता त्या म्हणतील, कॅमेरा खरा होता.

त्यांनी दादाला गाडीत बोलावून घेतलं आणि ते ऐकवलं. दादाने सुरुवातीला बाहेर बघितलं. मग म्हणाला, “तुझ्या भल्यासाठीच केलं. आईचं कोण बघणार?”

“मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

“मग हा कॅमेरा कशाला आणलास, दादा?”

“तू पोलिसांत निघाली होतीस,” दादा म्हणाला. “म्हटलं, घरातल्या घरात राहील.”

मित्रांनो, हे वाक्य मी रोज आठवतो. माझ्या खोक्यावर काय लिहिलं होतं, आणि मला कशासाठी आणलं होतं! मी पहारेकरी नव्हतोच. पोलीस येऊ नयेत म्हणून काचेवर चिकटवलेलं बुजगावणं होतो. माझी नजर कुठे पोचत नाही हे त्याने बहिणीच्याच तोंडून काढून घेतलं होतं, आणि तिच्याच हातचा चहा पिऊन वर गेला होता. परक्याने दगा दिला तर माणूस सावध होतो. घरच्याने दिला तर कुठे बघायचं, हेच कळत नाही.

“पुसून टाक ते,” दादा उतरता उतरता म्हणाला. “आईच्या कानावर गेलं तर ती काय जगेल?”

बाईंनी लगेच पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गाडी घेऊन बाजाराच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे एका जिन्याखाली चावीवाला यंत्र मांडून बसला होता. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्यांनी काच खाली केली.

“चूक झाली माझी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही नव्हता.”

चावीवाला उठून जवळ आला. “कळलं का तुम्हाला? देव भलं करो. मग आता गल्लीत सगळ्यांसमोर सांगा की. कोण होता?”

माझ्या पोटात ते सगळं होतं. बाईंनी फक्त हात वर करून एक बटण दाबायचं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं.

“ते नाही सांगता येणार.”

चावीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मग दारावरच्या ओरखड्यांकडे. “मग लोकांच्या दृष्टीने अजून मीच आहे, बाई,” असं म्हणून तो परत जिन्याखाली जाऊन बसला.

घरी येऊन बाईंनी तो कप्पा रिकामा केला. मग मला काचेवरून ओढून काढलं, कार्ड काढून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या चमच्यांखाली ठेवलं. कार्ड नसताना मला हे सगळं कसं आठवतं, ते विचारू नका. मलाही त्याचं नवल वाटतं.

ओरखडे थांबले आहेत. बाई अजून शिकवतात, आईसाठी दुसरी बाई ठेवली आहे. संध्याकाळी दादा येतो, आईला उचलून खुर्चीत बसवतो. चहाच्या वेळी खण उघडतो, एक चमचा उचलला जातो, आणि बाईंचा आवाज येतो, “दादा, साखर एक की दोन?” ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात कधी काही घडलंच नाही. खण बंद होतो.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. तुमच्या गाडीवर, दारावर, दुकानात माझ्यासारखा कुणी बसवाल तेव्हा त्याचं भिंग पुसत राहा, वायर उंदरांपासून जपा, हे तर कराच. पण त्याआधी स्वतःला एकदा विचारा, यात आपलंच माणूस दिसलं तर आपण काय करणार आहोत? याचं उत्तर देता येत नसेल, तर मला दुकानातच राहू द्या. तिथे निदान मी कुणाला फसवत नाही. बाजारामागे जिन्याखाली तो चावीवाला अजून बसतो, आणि आमच्या गल्लीतलं कुणी त्याच्याकडे चावी करायला जात नाही.