बावीस ग्रॅम

मित्रांनो, मी काटाच आहे, पण किराणा दुकानातला नव्हे. प्रयोगशाळेत उंदीर तोलणारा मी एक जुना वजनकाटा. कारखान्यात मला कसोशीने तपासलं आणि मग इथे आणून ठेवलं. माझ्या पाठीवर प्लास्टिकचा वाडगा असे. त्यात उंदीर बसला की त्याचं वजन मी हिरव्या आकड्यांत सांगायचो.

इथल्या संशोधक बाईंना सगळे ताई म्हणत. कोकेनचं व्यसन सुटावं म्हणून त्या एक जनुकीय उपचार तपासत होत्या. एकच इंजेक्शन. त्यातलं जनुक यकृतात जाऊन बसायचं आणि मग शरीरच कोकेनला रक्तातल्या रक्तात मोडून टाकायचं. पण ते उंदरांना सोसतं का? वजन घटलं की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. त्यामुळे माझ्या शब्दाला मान होता, आणि मला त्याचा तोरा होता.

ताईंच्या सख्ख्या धाकट्या भावालाच ते व्यसन होतं. एका दुपारी तो थेट दाराशी येऊन उभा राहिला. गाल पार बसलेले होते.

“ताई, उंदरांना देतेस, मग मला का नाही?”

“अजून तपासून व्हायचंय रे. थोडा धीर धर.”

“धीरच तर संपलाय.”

तिसऱ्या आठवड्यात नऊ नंबरचा उंदीर वाडग्यात बसला. पंचवीस ग्रॅमचा बावीसवर आला होता. आधीचे तिघेही असेच घटलेले. ताईंनी वाडग्याच्या काठावर हळूच बोट टेकलं. तेवीस... चोवीस... पंचवीस. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो! पण दाबाल तेवढं दाखवायचं, एवढंच मला येतं.

उंदरांचं दाणापाणी बघणारे काका पिंजरे धूत होते. त्यांनी ते पाहिलं.

“ताई, बोट काढा.”

“काका, त्याच्याकडे वेळ नाहीये हो!”

“म्हणून उंदराला सोसत नाही ते भावाला टोचणार?”

ताई ढसाढसा रडल्या. वहीत मात्र त्यांनी बावीसच लिहिलं.

चाचणी थांबली. डोस एक तृतीयांश करून पहिल्यापासून सुरुवात झाली. रोज काम आवरलं की ताई भावाला फोन लावायच्या, “जेवलास का रे?” चौथ्या महिन्यात एके दिवशी फोन नुसता वाजत राहिला. कोकेनने त्याचं हृदय बंद पडलं होतं.

सातव्या महिन्यात सगळे उंदीर धडधाकट होते. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“काका, तेव्हा खोटं लिहिलं असतं, तर तो वाचला असता?”

“नसता वाचला, ताई.”

“मग मीच त्याला मारलं असं का वाटतं?”

काका माझा वाडगा पुसत राहिले. मला तरी ग्रॅमपलीकडे काय कळतं?

आता मी कपाटात धूळ खात पडलोय. मित्रांनो, काट्याला खरं बोलू द्या. आणि घरातलं कुणी असं बुडत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. औषधाला वेळ लागतो. तोवर त्याला तुम्हीच आहात.