संकलन : पितांबर झुलाल देसले

पितांबर देसले आयोगाच्या परीक्षेला चार वेळा बसला. दोनदा मुलाखतीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. मग वय निघून गेलं. शिंदखेड्याजवळच्या त्याच्या गावात लोक त्याला 'साहेब' म्हणायचे, आधी कौतुकानं आणि नंतर चेष्टेनं. ते ऐकवेना, म्हणून बायकोला घेऊन तो जळगावला आला आणि रुपचंद सरांच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये नोकरीला चिकटला.

रुपचंद सर स्वतः कुठल्याच परीक्षेला बसले नव्हते. आधी ते विम्याची कामं करत. बोलणं गोड, आवाज खणखणीत. पोरांना वाटे, या माणसाच्या हातात कलेक्टरकीची किल्ली आहे. दर जानेवारीत क्लासची 'वर्षभराच्या घडामोडी' ही पुस्तिका निघे आणि जळगाव-धुळ्याकडे हातोहात खपे. मुखपृष्ठावर सरांचा फोटो, खाली सरांचं नाव. आतलं अक्षर न् अक्षर पितांबरचं.

त्याचं काम सकाळी वाचनालयाचं दार उघडलं की सुरू व्हायचं. पाच वर्तमानपत्रं, तीन वह्या. एक संस्कृतीची, एक अर्थकारणाची, एक विज्ञानाची. एक्याण्णव साल तर त्याला पुरून उरलं. रुपयाचं अवमूल्यन झालं, देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं, सोव्हिएत संघ फुटला. प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय तो वहीत उतरवत नसे. ज्या घरात जायचं राहून गेलं, त्या घराचं अंगण मात्र तो रोज झाडून ठेवत होता.

त्या वर्षी त्याच्या बायकोनं, शेवंतानं, पुस्तिकेची जुनी प्रत चाळता चाळता विचारलं, "बठ्ठं तुम्हीच लिखं ना? मंग तुमनं नाव कोठे शे?"

 सगळं आपण लिहायचं आणि नाव मात्र कुठेच नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं. आठवडाभर शब्द जुळवून तो सरांपुढे उभा राहिला. सर हसले. "एवढंच ना? टाकू की. आतल्या पानावर कशाला, मुखपृष्ठावरच टाकू. संकलन : पितांबर झुलाल देसले. झालं समाधान?"

चार दिवसांनी छापखान्यातून शेवटची प्रुफं आली. मुखपृष्ठावर, सरांच्या फोटोखाली बारीक टाइपात, त्याचं नाव खरंच होतं. ते त्यानं तीन वेळा वाचलं. मग आतली पानं पाहताना तो विज्ञानाच्या भागात अडखळला. ऑगस्टमध्ये भारताचा आयआरएस-१बी हा उपग्रह बैकानूरहून सोडला गेला, असं त्यानं लिहिलं होतं. बैकानूरवर काट मारून सरांच्या अक्षरात 'श्रीहरिकोटा' केलेलं होतं.

"सर, हा उपग्रह बैकानूरहूनच सुटला. मी दोन पेपरांत पाहिलंय."

"अरे, सोव्हिएत संघ हा देशच राहिला नाही आता. पोरं गोंधळतील. आपला उपग्रह आपल्या भूमीवरून सुटला म्हटलं की लक्षात राहतं, अभिमानही वाटतो."

"पण सर—"

"पितांबर, पुस्तक तुझं की माझं?" सर हसतच म्हणाले आणि मुखपृष्ठाचं प्रूफ बोटांत धरून बघू लागले. "का, काही बदलायचंय यात?"

पितांबरनं मान हलवली. नाही म्हणाला. एका ओळीनं कुणाचं काय बिघडणार आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं तर दोन मुलाखती दिलेल्या माणसाला, एका ओळीनं काय बिघडतं, हे जिल्ह्यात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

पुस्तिका निघाली. शेवंतानं एक प्रत देव्हाऱ्याजवळ ठेवली. गावाकडून आलेल्या पाहुण्याला त्यानं स्वतः उठून दाखवली.

मार्चमध्ये क्लासला कस्तुरा पावरा आली. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला तिचा पाडा. आईबाप पावसाळ्यात कोरडवाहू शेती करायचे, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायचे, एरवी रावेरकडे केळीच्या बागांत मजुरीला जायचे. ती आश्रमशाळेत शिक्षिका होती आणि लेखी परीक्षा पहिल्याच दमात पास होऊन तिला मुलाखतीचं पत्र आलं होतं. दर रविवारी पहाटेची एसटी धरून ती यायची. पुस्तिकेचं एकेक पान तिनं पेन्सिलीनं खुणा करून वाचलं होतं.

पहिल्याच भेटीत ती पितांबरला म्हणाली, "भाऊ, प्रस्तावना सरांनी लिहिलीय ना? आणि आतलं तुम्ही?"

"कशावरून?"

"प्रस्तावनेत एकही तारीख नाही."

कितीतरी दिवसांनी तो मनापासून हसला. पुढचे रविवार तो तिच्यासाठी थांबू लागला. मुलाखतीच्या टेबलापलीकडची माणसं कशी फिरवून विचारतात, ठाऊक नसलं तर सरळ 'माहीत नाही' कसं म्हणायचं, सगळं त्यानं तिला सांगितलं. असं कुणी त्याला सांगितलं असतं तर, असा विचार मनात यायचा. कधीकधी ती निघून गेल्यावर तिचा हेवाही वाटायचा. पहिल्याच दमात. त्या शब्दांशी तो फार वेळ थांबत नसे.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी तिनं पुस्तिका उघडून त्याच्यापुढे ठेवली. पेन्सिलीची खूण त्याच ओळीवर होती.

"भाऊ, हे बरोबर आहे का? उपग्रह सुटला त्या दिवशी मी शाळेत रेडिओ लावला होता. बातम्यांत रशियातलं काहीतरी नाव सांगितलं होतं. बैकानूर की काय."

सर आतल्या खोलीत शिकवत होते. दार लोटलेलं होतं. 'हो, बैकानूरच' एवढं म्हणायला श्वासभर वेळ लागला असता. पण तिच्या बोटाखालच्या त्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं. ज्या पोरीनं लिखाणावरून माणूस ओळखला, तिला आता सांगायचं की माझ्या नावाच्या पुस्तकात चूक आहे आणि ती माहीत असून मी जाऊ दिली?

"छापलंय ते बरोबर आहे," तो म्हणाला. "रेडिओवर नीट ऐकू आलं नसेल."

"असेल," ती म्हणाली, आणि खूण खोडरबरानं पुसून टाकली.

एप्रिलच्या शेवटी मुंबईहून परतल्यावर ती क्लासला आली. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाकडून सर विचारलेले प्रश्न लिहून घेत. तिनं दोन पानं लिहून दिली. सर वाचता वाचता खुलले. "उपग्रहाचा प्रश्न आला? बघ, पितांबर. आपल्या पुस्तिकेत होता."

"होता, सर," कस्तुरा म्हणाली. "उत्तर चुकीचं होतं."

 ती तशीच, वर्गात धडा सांगावा तशी, सांगत गेली. "मी श्रीहरिकोटा म्हणाले. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. ते एकमेकांकडे बघून हसले. एकजण म्हणाले, आश्रमशाळेत हेच शिकवता का मुलांना? त्यानंतर मला जंगलाचं विचारलं, मोहाचं विचारलं. ते सगळं मला येत होतं. पण तोंड उघडेना."

सरांनी सावकाश चष्मा काढला. पुस्तिका उचलून मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "पितांबर, संकलन तुझं आहे बाबा. मी विश्वासानं नाव टाकलं. ताडून नको का पाहायला?"

पितांबरनं सरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आता बोलला तर नोकरी जाणार, आणि नाही बोलला तर दुसरं काहीतरी. तो बोलला नाही. कस्तुरानं पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली.

जूनमध्ये यादी लागली. तिचं नाव नव्हतं. सरांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली : आमच्या पुस्तिकेतील प्रश्न थेट मुलाखतीत.

जाहिरात वाचून पितांबरनं दोन दिवस नीट जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी तो चोपड्याच्या एसटीत बसला आणि पुढे सवाऱ्या भरून नेणाऱ्या जीपनं आश्रमशाळेत पोहोचला. कस्तुरा व्हरांड्यात मुलींच्या वेण्यांमधल्या उवा तपासत होती. त्याला पाहून तिनं पाणी आणवलं, खुर्ची दिली. त्यानं घोट न घेताच सगळं सांगून टाकलं. बैकानूर आपण लिहिलं होतं, काट सरांनी मारली, आपण विरोधही केला होता. बोलता बोलता त्याला हलकं वाटू लागलं.

ती ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर म्हणाली, "पण सरांना मी विचारलंच नव्हतं, भाऊ. तुम्हाला विचारलं होतं."

त्यानं पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मला वाटलं, आमच्या कानांचं काय? छापणारी माणसं शिकलेली असतात."

"पुढच्या वेळी तुम्ही नक्की—"

"पुढच्या वेळी मी बसणार नाही," ती म्हणाली. "लेखी परीक्षा झाली त्या पावसाळ्यात, पोरगी साहेब होणार म्हणून, मला विचारून बापानं पेरणीच केली नाही. आता बियाणालाही पैसे नाहीत, भर पेरणीत तो मजुरीला गेलाय. मला इथं शिकवायचंय ते शिकवेन." मग एका मुलीला हाक मारून तिनं तिची वेणी हातात घेतली. "शेवटची गाडी चारला असते. निघा तुम्ही."

तो निघाला. परतीच्या वाटेवर केळीच्या बागांमागून बागा गेल्या आणि आपण तिच्यासाठी आलो होतो की स्वतःसाठी, हे त्याला जळगाव येईपर्यंत ठरवता आलं नाही. सोमवारी तो वाचनालयात वेळेवर पोहोचला. पुढच्या जानेवारीत पुस्तिका निघाली तेव्हा संकलनाची ओळ सरांनी काढून टाकलेली होती. आतलं सगळं त्याचंच होतं, आणि शेवंतानं या वेळी काहीच विचारलं नाही.