मोहाखालची आग

मी मोह बोलतोय. माणसाला भुलवतो तो मोह नव्हे; वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या जंगलात, सालईखेडा गावाच्या नाल्याकाठी उभं असलेलं मोहाचं झाड. एका वटवाघळाच्या तोंडातून निसटलेल्या फळातून मी इथे रुजलो. जमीन सरकारची, पण माझी फुलं कोणी वेचायची हे गावानं केव्हाच ठरवून टाकलेलं. मी सीताबाई उईकेच्या घरचा. गोठ्यातली गाय सुनेच्या हवाली करावी, तसं तिच्या सासूनं मला तिच्या हवाली केलं.

फाल्गुन-चैत्रात माझी फुलं पहाटेपासून टपटप गळतात. पिवळसर, रसाळ. सीताबाई ती वेचून वाळवायची. काही घरी खायला, बाकी आष्टीच्या बाजाराला. पण वाळक्या पानांच्या थरात फूल सापडत नाही. म्हणून मोसमाच्या तोंडावर माझ्याखाली काडी लावायची, ही इथली रीत. जमीन काळी झाली की फुलं लांबूनही उठून दिसतात.

माझ्या बुंध्याला चटके बसत. त्याचं मला एवढं नाही. पण आग माझ्याखाली थांबत नसे. वारा सुटला की गवत, कोवळी रोपं, तित्तिरांची अंडी, सारं गिळत ती टेकडीपर्यंत जाई. मग चितळांना चारा उरत नसे आणि ती गावाच्या पिकात शिरत.

१९९३ साली गजेंद्र निघोट इथे वनक्षेत्रपाल होऊन आले. अल्लीपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा. रोपं लावायची, गवत वाढवायचं, पाणवठे करायचे, म्हणजे जनावरं जंगलातच राहतील, असा कार्यक्रम त्यांच्याकडे सोपवला होता आणि त्यांनी तो मनावर घेतला होता. सुरुवात मात्र त्यांनी धाकानं केली. काडी ओढणाऱ्यावर केस. शिपायांनी बायांची टोपली हिसकावून नेली, त्यात सीताबाईचंही गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात आग चोरून लागली, तीही वाऱ्याच्या दिवशी, भर दुपारी. लावणारा पळाला आणि विझवायला गावातून कोणीही आलं नाही. नव्यानं जगवलेली रोपं गेली. नाल्यात चितळाचं एक पाडस होरपळून पडलं. निघोट साहेब माझ्या मुळाशी येऊन बसले. चेहरा काजळीनं माखलेला. त्या राखेतच सीताबाई फुलं शोधायला आली होती.

"पाह्यलं मावशी, काय केलं तुमच्या लोकांनी?" साहेब चिडून म्हणाले.

"तुमी टोपले नेले, तं कोन येईन आग विझवाले?" ती म्हणाली. "अन जाळलं नाई तं पानात फूल दिसते का साहेब? तुमीच वेचून दाखवा."

साहेब खरंच उठले आणि न जळलेल्या बाजूला जाऊन पानं चिवडू लागले. बऱ्याच वेळानं ओंजळही भरली नाही. सीताबाईला हसू आलं. "झाडून घ्या लागते," ती सहज बोलून गेली, "पन एवढे झाडं झाडन कोन?"

साहेबांनी ते वाक्य उचललं. पुढच्या मोसमाआधी गावातल्या बाया खराटे घेऊन आल्या. झाडणीची मजुरी जंगल खात्याच्या कामातून सुटली. टोपली परत मिळाली. जंगल राखायला गावाची समिती बनली, गावातले महादेवराव तिचे अध्यक्ष झाले. साहेबांची एकदा बदली निघाली, ती त्यांनी खटपट करून रोखली. माझ्या भोवतीची माती कित्येक वर्षांनी ओली राहू लागली. गुडघाभर गवत आलं, चितळं आली, रोही म्हणजे नीलगाय आली. साहेब पाहुण्यांना इथे आणून हौसेनं सारं दाखवत.

आणि मग अस्वल आलं. माझी फुलं त्यालाही आवडतात.

२००१ च्या चैत्रात, अंधुक उजेडात, सीताबाई सुनेच्या, दिपालीच्या, थोडी पुढे चालत आली. अस्वल माझ्या पलीकडे फुलांत तोंड घालून बसलं होतं. वाऱ्याची दिशा उलटी. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मला दिसत होतं, पण झाडाला ओरडता येत नाही. ती वाकली आणि ते उठलं. दिपालीच्या किंकाळीनं लोक काठ्या घेऊन धावले तोवर सीताबाईचा उजवा खांदा फाटला होता. साहेबांनी तिला आपल्या जीपमध्ये घालून वर्ध्याला नेलं.

दोन दिवसांनी गाव माझ्या सावलीत जमलं.

"जंगल तुमी वाढवलं साहेब, अन अस्वल आमच्या नशिबी," महादेवराव म्हणाले. "औंदा सगळं जाळतो. झुडूप नाई तं अस्वल नाई."

साहेब मान खाली घालून उभे होते. केसची भाषा त्यांनी काढली नाही. "मावशी येईपर्यंत थांबा," एवढंच म्हणाले. "मंग त्या म्हनतीन तसं करू."

सीताबाई आली ती पावसाळ्याच्या तोंडावर. हात खांद्याच्या वर जात नव्हता. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"जंगल वाढलं, तुमाले बढती भेटन साहेब," ती म्हणाली. "मले माहा हात भेटन का?"

"नाई, मावशी."

हे उत्तर तिला अपेक्षित नसावं. मग ती महादेवरावांकडे वळली. "आग लावली तं अस्वल जाईन. अन मंग? पुन्हा टोपले हिसकाले येतीन. गवत जाईन, नाल्याचं पानी जाईन. आग नाई लावाची." आणि साहेबांना म्हणाली, "पन उजाडल्याबिगर आता कोनी येनार नाई. तोवर अस्वलानं खाल्लं ते त्याचं. अन बायांसंगं तुमी या. रोज. जिवाची भीती कशी असते ते तुमाले बी कळू द्या."

साहेब आले. बदली होईपर्यंत प्रत्येक मोसमात, रोज उजाडताना, बायांच्या पुढे काठी आपटत. फुलं मात्र त्यांना शेवटपर्यंत नीट वेचता आली नाहीत; बोटांत चुरगळायचे. बाया त्यांची खेचायच्या. निघाले त्या दिवशी सीताबाईनं डाव्या हातानं वळलेले मोहफुलांचे लाडू त्यांना दिले. त्यांनी जाता जाता माझ्या बुंध्यावर हात टेकला.

त्यालाही आता काही वर्षं झाली. नवे साहेब आले, तेही गेले. माझी एक फांदी वाळलीय. फुलं आता दिपाली वेचते. सीताबाई सोबत येते आणि नाल्याच्या दरडीवर बसते.

परवा उजाडताना अस्वलाची मादी आली, पाठीवर पिल्लू घेऊन. बायांचा घोळका नाल्यापलीकडे थबकला. कोणी पळालं नाही, कोणी दगड उचलला नाही. फुलं भराभरा संपत होती. दिपाली चुळबुळ करू लागली.

"खाऊ दे वं तिले," सीताबाई हळूच म्हणाली. "उजाडतेच आता."

माणसांनो, माझंही मागणं इतकंच आहे. मला फुलं पुष्कळ येतात. जरासं थांबत जा.